सातव्या टेबलावरचा उजेड

सोमवार, ७ एप्रिल २०२५

एकतीस वर्षे मी पाठटाचणे लिहिली. तंत्रनिकेतनातून निवृत्त होऊन पाच महिने झाले, तरी सकाळी डोळे उघडताच आज कोणता घटक शिकवायचा आहे, असा प्रश्न मनात येतोच. आजपासून त्या प्रश्नाला उत्तर आहे, म्हणून ही वही.

प्रीतम हा माझा जुना विद्यार्थी. आता तो कारखान्यांच्या आणि कार्यालयांच्या प्रकाशव्यवस्थेची कामे घेतो. त्याने मला सल्लागार म्हणून बोलावले आणि आज आम्ही मुलुंड पश्चिमेच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याची पाहणी केली. इंजेक्शनचे औषध भरतात त्या बोटभर काचेच्या कुप्या तेथे तयार होतात. गोदामात एकही माणूस नव्हता आणि बेचाळीस ट्यूबलाइट जळत होत्या. शेडचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे आहे. त्याच्या उत्तरेकडील काचांतून दिवसभर सौम्य, सावलीविरहित प्रकाश आत यावा, अशी मूळ योजना. कोणीतरी त्या काचांना निळा रंग फासला आहे आणि खाली भर दुपारी दिवे लावले आहेत. मी उजेड मोजायचे लक्समापक हातात धरून उभी राहिले आणि मला हसू आवरेना.

यात करण्यासारखे किती आहे! जेथे माणूस नाही तेथे दिवा आपोआप मंद व्हावा. जेवढा सूर्यप्रकाश आत येईल तेवढा दिव्याने स्वतःचा प्रकाश कमी करावा. पाळी सुटली की सारे आपोआप मिटावे. आणि ज्या कामाला जेवढा उजेड लागतो तेवढाच, तेथेच पडावा. विजेची बचत हा यातला केवळ दिसणारा लाभ. दिवे कमी तापतात, अधिक वर्षे टिकतात, डोळ्यांवरचा ताण उतरतो आणि कोणती जागा केव्हा वापरात असते याची नोंद आपसूक मिळते.

व्यवस्थापक चंद्रप्रकाश यांना हे समजावताना मी चाळीस टक्के वीज वाचेल असे बोलून बसले. प्रीतमच्या कागदावर तीस लिहिलेले होते. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, दहा टक्के कुठून आणायचे आता?"

मी म्हणाले, "विचारपूर्वक आणू."

रिक्षात मात्र मी तीनदा हिशेब मांडला आणि ते दहा टक्के कोठेच सापडले नाहीत.

गुरुवार, १० एप्रिल

मार्ग सापडला. तपासणी विभागात आठ टेबले आहेत आणि प्रत्येकी एक स्त्री बसते. ती कुपी काळ्या-पांढऱ्या पाट्यांपुढे धरून केसाएवढी चीर, बुडबुडा किंवा कण शोधते. टेबलांवरचे दिवे अतिशय प्रखर आहेत आणि आठ तास अखंड जळतात. मी प्रत्येक टेबल हा स्वतंत्र विभाग धरणार आहे. वर छताला आठ सेन्सर. टेबलाशी माणूस नसेल तर दहा मिनिटांनी दिवा एक-पंचमांशावर येईल. इतकी सूक्ष्म विभागणी प्रीतमने यापूर्वी कोठेही केलेली नाही.

पडताळणी म्हणून एक सेन्सर घरी आतल्या खोलीत बसवला आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून माझे यजमान मधुकर तेथेच खुर्चीत शब्दकोडे घेऊन बसतात, त्यामुळे नमुना चांगला मिळेल. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्यांची हाक आली, "इरावती, जरा येऊन जा गं. दिव्याला सांग, मी घरात आहे."

"हात हलवा," मी तेथूनच म्हणाले.

सेन्सर व्यवस्थित चालतो आहे.

शनिवार, १९ एप्रिल

सर्व बसवून झाले. काचांवरचा निळा रंग खरवडला, तेव्हा शेडमध्ये जो उजेड उतरला तो पाहून पॅकिंगमधले लोकही मान वर करून उभे राहिले. छताकडील दिवे कोणी हात न लावता हळूहळू मंद होत गेले. मला टाळी वाजवावीशी वाटली.

तपासणी विभागातील स्त्रियांना मी फळ्यावर आकृती काढून सेन्सरची माहिती दिली. तिसऱ्या टेबलावरची अक्षता फार चुणचुणीत आहे. तिने विचारले, "मॅडम, हा वरचा डोळा आमचे फोटो काढतो काय?"

"नाही. तो फक्त अंगाची ऊब हलताना ओळखतो."

"गरम माणूस ओळखतो? मग साहेबांना बरोबर ओळखेल."

चंद्रप्रकाश मागेच उभे होते. "तुझी जीभ ओळखली तरी पुष्कळ झालं," ते म्हणाले. सगळ्या हसल्या. सातव्या टेबलावरच्या रुक्मिणीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचे लक्ष हातातल्या कुपीवर होते. वय पंचावन्नच्या पुढे, मूळ गाव कणकवलीकडे, या टेबलावर बावीस वर्षे. दोन्ही कोपरे टेबलावर रोवलेली, मान स्थिर, श्वाससुद्धा मोजून घ्यावा तसा. कुपी त्यांच्या बोटांत फिरते म्हणण्यापेक्षा बोटांखालून सरकते. वर्गात अशी एकाग्रता मला क्वचितच पाहायला मिळाली.

शुक्रवार, २५ एप्रिल

पहिल्या आठवड्याची बचत बत्तीस टक्के. प्रीतम खूष आहे. मी नाही. आठ टक्के उणे आहेत, आणि शब्द माझा गेला आहे, त्याचा नाही.

बराच विचार करून मी टेबलांची मुदत दहा मिनिटांवरून चारवर आणली. प्रीतम "चार?" एवढेच म्हणाला. मग मुदत बदलायला शिडीवर चढला.

चंद्रप्रकाश यांनी एक नवे काम सांगितले. मे महिन्याच्या एकोणिसाव्या तारखेपासून तपासणीत आठाऐवजी सातच टेबले ठेवायची, असा मालकांचा निर्णय आहे. "कुणाला काढायचं ते मी ठरवायचं. वीस-वीस वर्षांच्या बायका आहेत, मॅडम. उद्या बोट माझ्याकडे." सेन्सरच्या नोंदींवरून प्रत्येक टेबल किती वेळ रिकामे असते ते कळेल का, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, अवश्य कळेल. ओळखीपाळखीवर निर्णय होण्यापेक्षा मोजमापावर झालेला बरा. यंत्राला कोणी जवळचे नसते.

कोणाची तरी नोकरी जाणार, याचे वाईट वाटते. परंतु ती आपल्या हातची गोष्ट नाही. निदान अन्याय होणार नाही.

बुधवार, ३० एप्रिल

अहवाल दिला. आलेख मी स्वतः काढले. इतर सात टेबले नव्वद टक्क्यांच्या वर वापरात आहेत. सातवे मात्र शेहेचाळीस टक्के वेळ रिकामे.

मला आश्चर्य वाटले, कारण मी जाते तेव्हा रुक्मिणीबाई नेहमी जागेवर असतात. पण पाहणाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नये, हे मीच शिकवत आले आहे. चंद्रप्रकाश यांनी उत्पादनाचा तक्ता काढला. रुक्मिणीबाई पूर्वी पाळीला अकरा ट्रे तपासत, आता सात. म्हणजे दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांना दुजोरा देतात. याहून पक्के काय असू शकते?

निघताना विभागातून गेले. बायकांनी एक गंमत शोधली आहे. दिवा मंद झाला की त्या डोक्यावर हात नेऊन सेन्सरला गोल ओवाळतात. अक्षता त्याला आरती म्हणते. "दर चार मिनिटांनी आरती, मॅडम. एवढी तर गणपतीलाही मिळत नाय." तिने सांगितले, की शेजारच्या सहाव्या टेबलावरची बाई अधूनमधून रुक्मिणीबाईंसाठीही ओवाळून घेते, कारण त्या स्वतः ओवाळत नाहीत.

मी रुक्मिणीबाईंना विचारले, "तुम्ही का नाही हात हलवत?"

त्यांनी हातातली कुपी खाली ठेवली, मग माझ्याकडे पाहिले. "हललंय तर नजर सुटता, बाई. तुमच्या त्या डोळ्याक मी दिसत नाय वाटता."

मी हसून म्हणाले, "दिसता हो. सगळे दिसतात."

त्यांनी ट्रेमधल्या तपासलेल्या कुप्या उचलल्या आणि पुन्हा न तपासलेल्यांत ठेवल्या. कारण मी विचारले नाही. उशीर झाला होता.

रविवार, ४ मे

एक्केचाळीस टक्के. पेढे आणले. मधुकर म्हणाले, "आणखी एक दे. अंधारात मोजता येत नाही, किती खाल्ले ते." त्यांचा दिवा पुन्हा मिटला होता.

मंगळवार, ६ मे

कागद मालकांकडे गेला आहे आणि त्यावर रुक्मिणीबाईंचे नाव आहे. चंद्रप्रकाश यांनी त्यांना आज सांगितले. मी तेथे होते. त्या फक्त एवढेच म्हणाल्या, "माझा काय चुकला?" चंद्रप्रकाश यांनी माझा आलेख त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो चिरेसाठी कुपी पाहावी तसा उजेडात धरून पाहिला आणि परत दिला.

"मी जाग्यावरून उठतंय कधी? जेवणाची सुट्टी सोडून?" त्यांनी अक्षताकडे पाहिले.

अक्षता म्हणाली, "साहेब, मावशी उठतच नाय. तुम्हीच बघता ना."

"मी बघतो. पण मी बघितलेलं कागदावर नाय येत," चंद्रप्रकाश म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, यंत्र चुकत नाय ना?"

मी सेन्सरची रचना पुन्हा एकदा सांगितली. बोलताना मला माझाच आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवावा तसा मोठा झालेला ऐकू येत होता. सर्व आठ सेन्सर मी स्वतः तपासले आहेत. सातवा निर्दोष आहे. तरीही दुपारी डबा न उघडता मी त्याच्या नोंदी पुन्हा वाचल्या. रुक्मिणीबाईंचे यजमान गिरणी बंद पडल्यापासून घरी आहेत आणि भांडुपच्या टेकडीवरचे ते घर या एका टेबलावर चालते, असे अक्षताने मला फाटकापर्यंत सोडताना सांगितले. मी विचारले नव्हते.

बुधवार, ७ मे

सातवा सेन्सर काढून तिसऱ्या टेबलावर लावला, तिसरा सातव्यावर. दिवसभराची नोंद: सातवे टेबल सत्तेचाळीस टक्के रिकामे. तिसरे, तीन टक्के. म्हणजे दोष सेन्सरमध्ये नाही. मला हायसे वाटायला हवे होते.

गुरुवार, ८ मे

आज जे घडले ते क्रमाने लिहिते.

जेवणाच्या सुट्टीत रुक्मिणीबाई डबा घेऊन बाहेर गेल्या नाहीत. त्या टेबलाशीच बसून होत्या. मी जवळ गेले आणि म्हणाले, "मला कुपी पाहायला शिकवाल का?" का म्हणाले ते सांगता येत नाही. कदाचित त्यांच्याशी बोलायला दुसरा विषय नव्हता.

त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवले. "कोपरा टेकवा. खांदे सोडून द्या. आता काचेत बघू नका, काचेच्या पाठी बघा. चीर आपणहून येता पुढे."

पहिल्या दहा कुप्यांत मला काहीच दिसले नाही. त्या मागे उभ्या होत्या. "घाई करू नका. श्वास धरा." मग बाराव्या किंवा तेराव्या कुपीच्या मानेशी मला चांदीच्या तारेसारखे काही क्षणभर चमकल्यासारखे वाटले. मी बोटाच्या टोकाने कुपी किंचित फिरवली. गेले. उलट फिरवली. आता येईल, आता येईल, असे वाटत असतानाच उजेड मंदावला. कुपी, पाटी, माझी बोटे, सारे करडे झाले.

मी टेबलाशी होते. मी बोटे फिरवत होते. मी घड्याळ पाहिले, पावणेपाच मिनिटे. त्या यंत्राच्या लेखी मी तेथे नव्हते.

हा सेन्सर अंगाची ऊब त्याच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली तरच ओळखतो. बोटे एका पट्ट्यातच फिरतात. त्यातून मे महिना, पत्र्याखालची हवा अंगाइतकीच तापलेली, म्हणजे ऊब वेगळी अशी कळतच नाही. ही माहिती मला नवी नाही. ही मी एकतीस वर्षे शिकवली आहे.

रुक्मिणीबाईंनी माझ्या हातातली कुपी घेतली आणि सगळा ट्रे परत पहिल्या जागी सरकवला.

"हे का?" मी विचारले. हा प्रश्न मी आठ दिवसांपूर्वी विचारायला हवा होता.

"उजेड गेलो की ट्रे मोडलो. कुठली बघितली, कुठली नाय, सांगता येत नाय. परत पयल्यापासून. कुणाच्या तरी अंगात जाता ह्यातला औषध."

अकरा ट्रे सात का झाले, ते मला तेव्हा समजले. दुसरा पुरावा स्वतंत्र नव्हताच. तो माझ्या पहिल्या चुकीने निर्माण केला होता. ज्या दिव्याने त्यांना गैरहजर ठरवले, त्यानेच त्यांना मंद ठरवले. बाकीच्या बायका ओवाळत राहिल्या आणि पुढच्या कुपीकडे गेल्या, म्हणून त्या कामसू ठरल्या.

मी माफी मागायला तोंड उघडले. त्या म्हणाल्या, "माझी कसली माफी मागतास? दिवो लावून द्या."

शुक्रवार, ९ मे

प्रीतमला बोलावून सांगितले. सगळे ऐकून तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच शिकवलं होतं. वाचनालयात हा सेन्सर लावायचा नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये लावायचा नाही. प्रश्न आला होता आम्हाला पेपरात."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्यासमोर? वर्गात तरी कधी बोललो काय मी?"

मी सर्व टेबलांचे दिवे सेन्सरवरून काढायला सांगितले. त्याने तोंडी हिशेब केला. बचत तीसवर येईल. कारखान्याच्या दुसऱ्या दोन शेडचे काम चाळीस टक्क्यांच्या भरवशावर मिळणार होते. "वाट लागेल, मॅडम," तो म्हणाला, पण हत्यारांची पेटी घेऊन शिडी लावायला तोच उठला.

चंद्रप्रकाश यांना सांगणे अधिक कठीण गेले. त्यांनी अहवालाची प्रत माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही म्हणालात, यंत्राला कुणी जवळचं नसतं. मी बावीस वर्षं त्या बाईला जागेवर बघतोय आणि तुमच्या कागदावर सही केली. आता कागद वर गेला. तो खाली आणायला कागदच लागेल. मी तोंडानं बोललो तर म्हणतील, तुझी कुणी लागते काय ती?"

"मी देते कागद."

"सहीसकट?"

"सहीसकट."

मग त्यांनी स्वतःहून कपाट उघडले. औषध कंपन्यांकडून परत आलेल्या सदोष कुप्यांच्या ट्रेवर टेबल क्रमांकाची चिठ्ठी असते. सेन्सर बसल्यापासून परत आलेल्या चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर मांडल्या. एकूण एकोणीस. तिसऱ्या टेबलाच्या पाच होत्या. आम्ही दोघांनी त्या दोनदा पाहिल्या. सातव्याची एकही नव्हती.

"हे पण जोडा," ते म्हणाले.

शनिवार, १० मे

पत्र पाच वेळा लिहिले. पहिल्या चार मसुद्यांत सेन्सरच्या मर्यादांचे इतके सविस्तर विवेचन होते, की चूक कोणाची ते शोधावे लागले असते. मधुकरना वाचून दाखवले. ते म्हणाले, "हे छान आहे. पण यात तू कुठे आहेस?"

पाचवा मसुदा असा:

"दिनांक ३० एप्रिलच्या माझ्या अहवालात सातवे टेबल ४६ टक्के वेळ रिकामे असल्याचे म्हटले आहे. ते रिकामे नव्हते. तेथील काम अत्यंत स्थिर बसून करावे लागते आणि अशा जागी हा सेन्सर लावू नये, हे मला माहीत होते. जास्त बचत दाखवण्यासाठी मी तो लावला आणि त्याची मुदत कमी केली. दिवा वारंवार मंद झाल्यामुळे श्रीमती रुक्मिणी यांना तपासलेले ट्रे पुन्हा तपासावे लागले, म्हणून त्यांचे उत्पादन घटलेले दिसते. परत आलेल्या मालाच्या चिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत. त्या अहवालावरून कोणाच्याही नोकरीचा निर्णय करू नये. चूक माझी आहे."

सही करून पाकीट बंद केले.

मंगळवार, १३ मे

उत्तर नाही. एकोणीस तारखेला अजून सहा दिवस.

गुरुवार, १५ मे

उत्तर नाही. सकाळपासून तीनदा फोन उचलून ठेवला. मधुकर म्हणाले, "बस गं जरा." मला बसवत नाही.

शुक्रवार, १६ मे

दुपारी चंद्रप्रकाश यांचा फोन आला. आठही टेबले राहणार. परत आलेल्या चिठ्ठ्या पाहून मालकांनी तपासणीतली माणसे कमी करण्याचा विचार तूर्त सोडला आहे. इतर दोन शेडचे कामही तूर्त सोडले आहे. "'बाईंना सांगा, आम्ही कळवू,' असं म्हणाले. म्हणजे कळवणार नाहीत."

प्रीतमला फोन केला. तो म्हणाला, "झकास. निदान तीस टक्के खरे आहेत, मॅडम." त्याच्या आवाजात राग शोधण्याचा मी प्रयत्न केला. तो असावा. असायला हवा.

सोमवार, १९ मे

गोदामात पाऊल टाकले की दिवे उजळतात, बाहेर पडले की मंद होतात. छताचे दिवे आजही उत्तरेच्या उजेडाला जागा देऊन बाजूला होतात. ते सारे उत्तम चालू आहे आणि त्याचा मला अजूनही मनापासून आनंद होतो, हे लिहून ठेवते.

टेबलांवर आता साधी बटणे आहेत, बसणारीच्या उजव्या हाताशी. अक्षताने लगेच सेन्सरच्या रिकाम्या जागेला हात जोडले. "देव गेला, आरती वाचली." रुक्मिणीबाईंनी बटण तीन वेळा लावून-मिटवून पाहिले. मग कोपरे टेकवली. माझ्याशी बोलल्या नाहीत. मी दाराशी घड्याळ धरून उभी राहिले. चार मिनिटे झाली, दहा झाली, वीस झाली. त्या हलल्या नाहीत आणि उजेडही हलला नाही. तपासलेल्या कुप्यांची रांग मात्र लांबत गेली.

एक बटण उरले होते. ते प्रीतमकडून मागून घेतले आणि संध्याकाळी आतल्या खोलीतला सेन्सर काढून त्या जागी बसवले. मधुकर शब्दकोड्यातून वर न पाहता शिडी धरून उभे होते. ते खुर्चीत बसल्यावर मी बटण दाबले.

"आता मी हललो नाही तरी चालेल?"

"चालेल."

मी चहा आणला आणि समोरच्या खुर्चीत बसले. निवृत्त झाल्यापासून त्या खुर्चीत मी प्रथमच बसत होते. त्यांचे एका आडव्या शब्दापाशी अडले होते. चहा निवून गेला, तरी दोघांपैकी कोणी हलले नाही.